एअर-कूल्ड बीटलचे दोन कार्बोरेटर जुळवताना

माझी फोक्सवॅगन बीटल १९६८ ची. तिच्यात आता १६०० सीसीचं ड्युअल-पोर्ट इंजिन आहे आणि त्यावर वेबर ३४ आयसीटी कार्बोरेटरची जोडी. नाशिकला सातपूरच्या टूलरूममध्ये नोकरी केल्यामुळे मला वाटायचं, स्क्रू इकडे दोन, तिकडे दोन, यात काय मोठंसं! पहिल्या वर्षी दोन रविवार आणि शेजाऱ्यांची दुपारची झोप खर्ची घातली, तरी त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला गाडी गचके खातच होती. शेवटी दोष सापडला तो तीन नंबरच्या सिलिंडरच्या टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या हाताच्या मधल्या फटीत. टॅपेट आवळला गेला होता आणि मी बापडा कार्बोरेटर पिळत बसलो होतो.

तेव्हापासून मी कार्बोरेटरला सगळ्यात शेवटी हात लावतो. खाली दिलेला क्रमही तसाच आहे. मी वेबर आयसीटी धरून लिहितोय. जुन्या सोलेक्स कार्बोरेटरच्या जोडीला स्क्रूच्या जागा थोड्या वेगळ्या असतात, पण काम त्याच रीतीने होतं.

दोन कार्बोरेटर कशासाठी

मूळ बीटलला मधोमध एकच कार्बोरेटर. तिथून पेट्रोल-हवेचं मिश्रण लांब नळीतून दोन्ही बाजूंच्या हेडपर्यंत जातं. थंडीत त्या नळीच्या आतल्या अंगाला पेट्रोल चिकटतं, म्हणून कंपनीने तिच्याखालून एक्झॉस्टची ऊब फिरवली होती. दोन कार्बोरेटर थेट हेडच्या डोक्यावर बसवले की वाट आखूड होते आणि पिकअप लगेच येतो. फोक्सवॅगननेच १९६३ मध्ये टाइप ३ या आपल्या दुसऱ्या गाडीच्या १५०० एस मॉडेलला जोडी दिली होती, तेव्हा ही काही हौशी लोकांची नवी टूम नाही.

गाडीच्या मागे उभं राहिलात की उजव्या हाताचा कार्बोरेटर सिलिंडर १ आणि २ ला पुरवतो, डाव्या हाताचा ३ आणि ४ ला. फायरिंग ऑर्डर १-४-३-२. म्हणजे ओढ उजवी, डावी, डावी, उजवी अशी पडते. प्रत्येक कार्बोरेटर लागोपाठ दोन घोट घेतो आणि मग दोन घोटांपुरता थांबतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मीटरची सुई थरथरताना दिसली की लोक घाबरतात. थोडी थरथर त्या ओढीचीच असते.

कार्बोरेटरच्या आधीची कामं

इंजिन पूर्ण थंड, म्हणजे रात्रभर उभं राहिलेलं असताना टॅपेट तपासा. या इंजिनाला इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीकडे ०.१५ मिमी फट, म्हणजे सहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग). फिलर गेज हलकं घासून गेलं पाहिजे. पुली अर्धा-अर्धा फेरा फिरवत १-४-३-२ या क्रमाने सगळे आटपा. तीन नंबरकडे जास्त लक्ष द्या. जुन्या रचनेत ऑइल कूलर त्याच्याच हवेच्या वाटेत असतो, त्यामुळे तो सिलिंडर इतरांपेक्षा जास्त तापतो.

मग डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी प्रवाह तोडणारे संपर्क. गॅप ०.४ मिमी, ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते दाखवणारं) असेल तर ४४ ते ५० अंश. त्यानंतर टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते. हाच क्रम ठेवा, कारण पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही हलतं. आम्हा बीटलवाल्यांत ००९ डिस्ट्रिब्युटर (व्हॅक्यूमशिवाय, फक्त वेगावर ठिणगी पुढे नेणारा) फार दिसतो. तो असेल तर टायमिंग लाइट लावून ३००० ते ३५०० आरपीएमवर एकूण ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते ते) २८ ते ३० अंश आणा आणि आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना, जे येईल ते येऊ द्या. प्लग काढून बघा, गॅप ०.६ ते ०.७ मिमी.

यानंतर हवेची गळती. मॅनिफोल्ड हेडवर बसतो तिथलं पॅकिंग आणि कार्बोरेटरच्या बुडाखालचं पॅकिंग, या दोन जागा ठरलेल्या. थंड इंजिन नुकतंच सुरू केलेलं असताना सांध्यांवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारा. कुठे आरपीएम बदलला किंवा पाणी आत ओढलं गेलं, तर ती फट. कार्ब क्लीनर मारून बघणारे पुष्कळ आहेत. मी डिस्ट्रिब्युटरच्या ठिणगीशेजारी पेटणारा फवारा मारत नाही. थ्रॉटलचा, म्हणजे हवेची वाट उघडबंद करणाऱ्या झडपेचा, दांडा बोटाने वरखाली हलवा. तो खुळखुळत असेल तर तिथूनही हवा जाते आणि मग कितीही जुळवा, जुळत नाही. त्याला बुश बसवून घेणं हाच उपाय.

पेट्रोलचा दाब विसरू नका. वेबरला ३ पीएसआयच्या आसपास पुरतो. पंपाने जास्त रेटलं की फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) नीडल हरते आणि कार्बोरेटर ओसंडतो. मूळच्या मेकॅनिकल पंपाखाली एखादं जादा पॅकिंग टाकलं की दाब उतरतो.

पाइपही याच वेळी बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुना रबरी पाइप त्याने आधी फुगतो, मग चिरतो. बीटलचं इंजिन मागे, सीटच्या पाठीमागे. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकून जळालेल्या बीटलचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. इथेनॉल सोसणारा पाइप घ्या, प्रत्येक टोकाला क्लॅम्प लावा आणि फिल्टर इंजिनाच्या खोलीत लोंबकळत ठेवू नका. काम करताना पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा आणि शटर पूर्ण वर करा.

सामान

हवा मोजायचं मीटर, म्हणजे सिंक्रोमीटर. गोगलगायीच्या शंखासारखं दिसतं, कार्बोरेटरच्या तोंडावर दाबून धरायचं आणि ताशी किती किलो हवा आत जाते ते वाचायचं. किमतीला थोडं टोचतं. ते नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून बोटभर जाडीचा रबरी पाइप दोन-अडीच फूट घ्या. एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडात दोन्हीकडे अगदी एकाच जागी. जिथे हवा जास्त, तिथे फुसफुस जोरात आणि चढ्या सुरात. तानपुरा जुळवणाऱ्याला हे पटकन जमेल. मी मीटर घ्यायच्या आधी वर्षभर पाइपवरच काढलं, आणि दोन्हींच्या निकालात फारसा फरक पडला नाही.

शिवाय आरपीएम दाखवणारा टायमिंग लाइट, आखूड स्क्रूड्रायव्हर, ८ आणि १० चे पाने. सैल बाह्या, गळ्यातला गमछा, हातातलं कडं हे सगळं आधी बाजूला, कारण पंख्याचा पट्टा हातापासून वीतभर अंतरावर फिरत असतो. हँडब्रेक, न्यूट्रल, चाकाखाली वीट.

इंजिन बंद असताना

दोन्ही एअर फिल्टर काढा. तोंडावर स्वच्छ फडकं झाका, नाहीतर सुटलेला वॉशर बरोब्बर आत जातो.

आता लिंकेज, म्हणजे पॅडलची ओढ दोन्ही कार्बोरेटरपर्यंत नेणारे दांडे, सोडा. दोन्ही कार्बोरेटरच्या लिव्हरवरून रॉडचे सांधे उचलून बाजूला करा, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींपासून मोकळ्या होतील. बहुतेकांची चूक इथेच होते. लिंकेज जोडलेलं ठेवून आयडल जुळवायला गेलात, तर एका बाजूचा स्क्रू फिरवल्यावर दुसरी बाजूही हलते आणि तुम्ही स्वतःच्याच शेपटामागे फिरत राहता.

लिव्हरवरचा आयडल स्पीडचा स्क्रू पूर्ण मागे घ्या. थ्रॉटल टपकन बंद झाला पाहिजे, दोन्हीकडे स्प्रिंगने सारख्या जोराने. मग स्क्रू हळूहळू आत घेत लिव्हरला नुसता टेकवा. मधे कागदाची पट्टी धरली तर टेकल्याचं नेमकं कळतं. टेकल्यावर आणखी अर्धा फेरा. दोन्ही बाजूंना तेवढंच.

मिक्श्चरचा स्क्रू, म्हणजे आयडलचं मिश्रण किती सोडायचं ते ठरवणारा, बुडाजवळ, स्प्रिंगवाला. तो दोन बोटांच्या ताकदीने आत बसेपर्यंत फिरवा आणि तिथून दोन फेरे बाहेर. आवळू नका. त्याच्या टोकाची सुई पितळी असते, आवळली की तिच्यावर कडं उमटतं आणि मग ती कधीच नीट ऐकत नाही. माझी एक जोडी एका गॅरेजात अशीच वाया गेली होती.

आयडल जेट, म्हणजे आयडलचं पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा छोटा तुकडा, याच वेळी काढून उजेडाकडे धरून बघा. भोक एवढं बारीक की त्यावर कोरलेला ५० म्हणजे ०.५० मिमी. त्यात धुळीचा एक कण अडकला तरी ती अख्खी बाजू मरते. तार घालू नका, भोक मोठं होतं. फुंकर किंवा कॉम्प्रेसरची हवा पुरते.

गरम करून आणणं

अंगणात दहा मिनिटं चालवून इंजिन गरम झालं असं मानू नका. लिंकेज परत टेकवून गाडी बाहेर काढा. मी गंगापूर धरणापर्यंत जाऊन परत येतो. तेल पूर्ण तापलं पाहिजे, कारण या इंजिनाची केस, सिलिंडर, हेड सगळंच तापल्यावर वाढतं आणि दोन कार्बोरेटरमधलं अंतरही त्याबरोबर बदलतं. मी एकदा सकाळी थंड इंजिनावर लिंकेज अगदी केसभरही फरक नाही असं बसवलं होतं. त्र्यंबकेश्वरला पोहोचलो तर आयडल १५०० वर, आणि पार्किंगवाला विचारतोय, “काका, गाडी बंद करताय का निघताय?”

परत आलात की लगेच लिंकेज सोडा आणि कामाला लागा.

आयडलची हवा

इंजिन ९०० आरपीएमच्या आसपास चालू द्या. मीटर एका कार्बोरेटरवर सरळ, न तिरकं करता धरा, दोन-तीन सेकंदांत आकडा वाचा, उचला. मीटर स्वतःच हवा थोडी अडवतं, त्यामुळे जास्त वेळ धरलं की आरपीएम उतरतो आणि आकडा खोटा निघतो. मग दुसऱ्या बाजूला तसंच. सुई थरथरत असेल तर तिचा मधला मुक्काम धरा.

आकडे वेगळे आले आणि आयडल जास्त असेल, तर जास्त ओढणाऱ्या बाजूचा स्पीड स्क्रू मागे घ्या. आयडल कमी असेल, तर कमी ओढणाऱ्या बाजूचा पुढे. एका वेळी अष्टमांश फेरा, मग पुन्हा दोन्ही बाजू मोजा. आकडा किती आला याला महत्त्व नाही, दोन्हीकडे एकच आला पाहिजे.

स्पीड स्क्रू टेकल्यापासून एका फेऱ्यापेक्षा जास्त आत घ्यावा लागत असेल, तर थांबा. थ्रॉटल इतका उघडला की त्याच्या कडेला असलेली प्रोग्रेशनची (आयडलवरून वेग वाढताना पेट्रोल देणारी) भोकं उघडी पडतात, पेट्रोल तिथून येऊ लागतं आणि मिक्श्चर स्क्रूचं कोणी ऐकत नाही. ओळखायची खूण सोपी. मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत घेऊनही ती बाजू मरत नाही. असं झालं की पुन्हा टायमिंग आणि गळतीकडे जा.

मिक्श्चर

एका बाजूने सुरुवात करा. स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या, प्रत्येक वेळी पाच-सहा सेकंद थांबा. इंजिन अडखळायला लागलं की उलटं, बाहेर. आरपीएम चढेल, आवाज गोल होईल. जिथे तो पहिल्यांदा सर्वात चढा आणि गुळगुळीत होतो, तिथेच सोडा. आणखी बाहेर घेतलं तर काही वेळ फरक दिसत नाही, मग इंजिन जड होतं आणि धुराला पेट्रोलचा वास येतो. पहिला माथा धरायचा, पठारावर चालत राहायचं नाही.

दुसरी बाजू तशीच. दोन्ही झाल्यावर आयडल चढलेला असेल. दोन्ही स्पीड स्क्रू सारखेच मागे घेऊन ९०० वर आणा, पुन्हा हवा मोजा, पुन्हा मिक्श्चर. माझ्या गाडीला या तीन फेऱ्या लागतात.

शेवटी स्क्रू किती फेरे बाहेर राहिला ते बघा. दीड ते अडीचच्या मधे असेल तर जेट ठीक. तीनच्या पुढे गेला तर आयडल जेट लहान पडतंय, सव्वाच्या आत राहिला तर मोठं. एकच बाजू वेगळी बोलत असेल तर जेट बदलायच्या आधी साफ करा.

लिंकेज

इथे घाई करणारे बाकीच्या कामावर पाणी फिरवतात. आडवा दांडा आणि त्यावरून खाली उतरणारे दोन रॉड, अशी बहुतेक किटची रचना. रॉडच्या एका टोकाला उजवी आटी, दुसऱ्याला डावी, त्यामुळे रॉड जागेवरच फिरवून लांबी कमीजास्त करता येते.

आधी एक रॉड लिव्हरच्या बॉलवर टेकवा. तो स्वतःहून बसला पाहिजे. तुम्हाला लिव्हर जराही ढकलावा लागला किंवा बसवल्यावर आरपीएम हलला, तर लांबी चुकली आहे. मग दुसरा. दोन्ही जोडल्यावर आयडल पाच मिनिटांपूर्वी होता तेवढाच राहिला पाहिजे. इथून पुढे स्पीड स्क्रूला हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

आता एक माणूस ड्रायव्हर सीटवर लागतो. माझ्याकडे शेजारचा नववीतला मुलगा येतो. “काका, किती दाबू?” असं तो ओरडत असतो, मी मागून २८०० म्हणून सांगतो. पॅडल एका जागी धरून २५०० ते ३००० मधे इंजिन स्थिर ठेवायचं आणि पुन्हा दोन्ही तोंडांवर मीटर लावायचं. इथे फरक निघाला तर तो रॉडच्या लांबीने काढायचा. जी बाजू मागे आहे तिचा रॉड अर्धा फेरा फिरवा, मोजा. फिरवून फरक वाढला तर उलट दिशेला. जुळलं की लॉकनट आवळा, पण आवळताना रॉड पान्याने धरून ठेवा. नट बरोबर रॉडही फिरला की अर्ध्या तासाचं काम गेलं. आवळल्यावर आयडल आणि वरचा वेग दोन्ही पुन्हा एकदा तपासा.

इंजिन बंद करून मुलाला पॅडल तळाला दाबायला सांगा. दोन्ही थ्रॉटल पूर्ण उघडतात का ते वरून टॉर्च मारून बघा. पूर्ण उघडल्यावर लिव्हर आणि त्याच्या थांब्यात मिलिमीटरभर फट राहू द्या, नाहीतर प्रत्येक वेळी पाय केबललाच ओढतो आणि एक दिवस ती तुटते. पॅडल सोडल्यावर दोन्ही लिव्हर खट्‌कन मागे आले पाहिजेत. प्रत्येक कार्बोरेटरला स्वतःची रिटर्न स्प्रिंग हवी. बॉलला ग्रीसचा ठिपका.

फिल्टर बसवा. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि कडेचं रबरी सील जागेवर आहेत ना, तेही बघून घ्या. दोन कार्बोरेटर बसवताना लोक हे पत्रे कापून फेकतात आणि मग इंजिन आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत राहतं.

रस्त्यावर

पांडवलेणीच्या बाजूने हायवेला लागा आणि तिसऱ्या गिअरवर २००० पासून हळूहळू वाढवत जा. २०००-२५०० च्या दरम्यान गाडी अडल्यासारखी, मागून कोणी धरल्यासारखी वाटली तर आयडल जेट कमी पडतंय. या पट्ट्यात पेट्रोल अजून आयडलच्याच वाटेने येतं, मेन जेट पुरतं जागं झालेलं नसतं. एकदम पाय दिल्यावरच गचका बसत असेल तर ॲक्सिलरेटर पंप तपासा. वरून बघत लिव्हर हलवला की पेट्रोलची धार लगेच आणि दोन्हीकडे सारखी पडली पाहिजे. पाय काढल्यावर सायलेन्सरमध्ये फटके येत असतील तर आधी एक्झॉस्टचे सांधे बघा, मग मिक्श्चर. सिग्नलला आरपीएम सावकाश उतरत असेल तर लिंकेज अडकतंय किंवा कुठेतरी हवा जाते आहे.

खरी परीक्षा नांदुरीहून सप्तशृंगी गडाच्या घाटात. वर पोहोचल्यावर इंजिन कढत असतं. तिथे आयडल ९०० वर शांत बसला, तर लिंकेज बरोबर.

नाशिकचा हिशेब

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर. मुंबईपेक्षा इथली हवा सहा-सात टक्के विरळ, त्यामुळे मुंबईत जुळवलेली गाडी कसारा घाट चढून आली की तीनेक टक्के रिच (पेट्रोल जास्त) चालते. दुसरीकडे शुद्ध पेट्रोलला पेट्रोलच्या १४.७ पट वजनाची हवा लागते, २० टक्के इथेनॉलवाल्याला साधारण १३.५ पट. म्हणजे त्याच जेटवर मिश्रण सात-आठ टक्के लीन (पेट्रोल कमी) होतं. उंची एका बाजूला ओढते, इंधन दुसऱ्या बाजूला, आणि उरतं ते लीनच. एअर-कूल्ड इंजिनाला लीन चालणं मानवत नाही, हेड तापतं. मी याच कारणासाठी आयडल जेट एक पायरी वर नेलं. ५० वरून ५५ वर गेलात की भोकाचं क्षेत्रफळ एकवीस टक्के वाढतं, ती मोठी उडी आहे. मधला आकार मिळाला तर आधी तो लावून बघा, आणि प्लगचा रंग फिक्या विटकरीकडे झुकतोय ना ते पाहा.

डिसेंबरात निफाडकडून गारठा सुटतो तेव्हा ही जोडी सकाळी कुरकुरते. तिला ऊब देणारी नळी नाही आणि बऱ्याच जणांचा चोकही जोडलेला नसतो. तीन-चार वेळा पॅडल दाबून स्टार्टर मारा आणि दोन-तीन मिनिटं पायानेच १२०० वर धरा. तेवढ्यासाठी आयडल वाढवून ठेवू नका. एप्रिल-मे मध्ये उलटं. भर दुपारी पंधरा मिनिटं थांबून परत आलात की फ्लोटमधलं पेट्रोल उकळून आत सांडलेलं असतं. तेव्हा पॅडल वारंवार न मारता तळाला दाबून धरा आणि स्टार्टर फिरवा.

सगळं जुळलं की लॉकनटवर रंगाचा एक ठिपका देतो, फेऱ्यांचे आकडे आणि मीटरचं वाचन वहीत लिहितो. पाचशे किलोमीटरनंतर एकदा तपासतो. मधेच कधी गाडी दोन सिलिंडरवर आल्यासारखी धडधडली, तर स्क्रूड्रायव्हरने स्क्रू फिरवायच्या आधी त्या बाजूचा आयडल जेट काढून उजेडाकडे धरतो. दहातल्या आठ वेळा त्यात कचराच असतो.